करवतीच्या आवाजाकडे

योकमोक, उत्तर स्वीडन, १९ जानेवारी

ती. रिस्तेनताईस आंतेचा सा. न.

मोजे पोचले. माप तुझ्या नवऱ्याचं घेतलंस वाटतं.

इथे ऐन थंडीत तीन दिवस पाऊस पडला आणि मग सगळं गोठलं. बर्फावर काचेसारखा थर बसलाय. रेनडिअर उकरून उकरून खूर रक्ताळून घेतात, पण खालच्या दगडफुलापर्यंत पोचत नाहीत. स्प्रूसच्या फांद्यांवर लोंबणारं दगडफूलही तोंड पोचेल तिथवर संपलं.

काल पलीकडच्या टेकडीवर कंपनीची तोड सुरू होती. करवतीचा आवाज ऐकला आणि आपला कळप तिकडे पळत सुटला, पाडलेल्या झाडांच्या शेंड्यांवरच्या दगडफुलावर तुटून पडला. यंत्रावरचा माणूस म्हणाला, इतक्या ओढीनं माझी बायकोसुद्धा येत नाही.

कंपनीच्या आपल्या रानातल्या तोडीवरची आपली हरकत मागे घ्यावी म्हणतो, म्हणजे तिथलेही शेंडे कळपाला मिळतील. सही दोघांची लागते. कागद सोबत आहे.

रागावलीस तरी लोभ राहू दे.

आंते

उमेओ, २८ जानेवारी

चि. आंते यास अ. आ.

कागद तसाच परत पाठवतेय. त्या हरकतीपायी माझे दोन हिवाळे गेले. झाड शंभर वर्षांचं झाल्याशिवाय दगडफूल नीट लोंबत नाही, हे कंपनीच्या साहेबांना इतक्यांदा ऐकवलंय की आता मला पाहिलं की तेच म्हणून दाखवतात.

किती जनावरं गेली ते विचारत नाही. आपल्यात विचारत नाहीत. खुराकाच्या गोण्या पाठवल्यात. रान आज कापू दिलंस तर पुढच्या अशा हिवाळ्यात काय चारशील, मी विणलेले मोजे?

माया आहे म्हणून बोलते.

रिस्तेन

योकमोक, ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

गोण्या पोचल्या. थोडं थोडंच घातलं, तरी उपाशी पोटांना सोसलं नाही. तुझ्या खुणेची, डाव्या कानाला दोन काप असलेली मादी भरल्या पोटी मेली. गाभण होती. कळवणार नव्हतो.

पुढच्या हिवाळ्याचं तू लिहिलंस ते खरं आहे. पण कळपच उरला नाही तर रान कुणासाठी राखू? पलीकडची तोड संपली, तरी ही सगळी रोज सकाळी तिकडे तोंड करून उभी राहतात. बघवत नाही.

कागद पुन्हा पाठवतोय. दमलो गं.

तुझाच,
आंते

उमेओ, १५ फेब्रुवारी

चि. आंते यास अ. आ.

सही केली आहे. मादीचं कळवलंस ते बरं केलंस.

तोड रस्त्याकडून सुरू करायला सांग. रोज कळपाला पुरतील तेवढीच झाडं पाडू देत. ओढ्याकडची शेवटी. मार्चअखेर बर्फ मऊ झाला तर कदाचित तिथवर जायची वेळ येणार नाही.

मध्येच थांबतील का, हे मात्र त्यांना आधी विचारू नकोस. नाही म्हणाले, तर तुझ्यानं कागद दिला जायचा नाही.

जेवत जा. लोभ आहे तसाच आहे.

रिस्तेन