हाच का तुमचा रुग्ण?

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले आहे. पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं, म्हटलं एका खेपेत दोन्ही उरकू.) तुमची तब्येत कशी आहे? मामींचा गुडघा त्यांना जिना चढू देतो का? इकडे आई, मी आणि गॅलरीतल्या कुंड्या ठणठणीत. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी तुम्ही निम्मा वेळ फोन उलटा धरून, 'अगं, विहिरीतून बोलतेस का?' असं विचारत होतात, आणि आजची हकिकत तशी ओरडून सांगण्यासारखी नाही. मामा, मी एक गोष्ट केली आणि ती चालली! माझे पाय जमिनीवर नाहीत. आई म्हणते, आधी नीट जेव.

तर आमच्या प्राण्यांच्या दवाखान्याची वेबसाइट. ती डॉक्टरांच्या पुतण्याने करून दिली आणि तो शिकायला गेला तो गेलाच. कल्पना चांगली होती. घरच्या कुत्र्यामांजराला काही झालं तर त्याचा फोटो किंवा व्हिडिओ साइटवरून पाठवायचा, डॉक्टर तो बघून कळवणार की धावत या किंवा उगाच येऊ नका. पण पाठवायचं कसं, तर 'फाइल निवडा' असं एक बटण. ते दाबलं की कॉम्प्युटर आपली सगळी कपाटं एकदम उघडून समोर उभा राहतो आणि माणसाचं डोकं फिरतं. मग फोन मला. 'ताई, आमचं मांजर कुठल्या फोल्डरमध्ये आहे हो?' जसं काही मीच ते तिथे ठेवलं! एका गृहस्थांनी पोपटाचा पंख म्हणून घराचा नकाशा पाठवला आणि वर, 'सूज उतरली का?' म्हणून विचारलं. शेवटी डॉक्टर वैतागले आणि म्हणाले, हे पाठवणं-बिठवणं बंदच करून टाकू, सगळ्यांनी जनावर घेऊन इथे यावं. मामा, आमची बसायची खोली तुम्ही पाहिलेली नाही. एका बाकावर बोका, समोरच्या बाकावर शिकारी कुत्रा, आणि मधे मी. मला ते बंद होऊन चालणारच नव्हतं.

म्हणून ठरवलं, तिथे ओढून आणून सोडायची सोय करायची. म्हणजे काय ते सांगते. पडद्यावर तुमच्या फोटोचं लहानसं चित्र दिसतं, ते माउसने धरायचं, ओढत आणायचं आणि आमच्या पानावरच्या चौकटीत सोडून द्यायचं. मांजर पिल्लाला मानगुटीला धरून नेते ना, अगदी तसं. कपाटं उघडायला नकोत, काही नको. डॉक्टर कसेबसे तयार झाले आणि मी कामाला लागले. व्हिडिओ बघून बघून शिकले, चुकले, पुन्हा शिकले. (दुपारी पेशंट नसतात तेव्हा. म्हणजे एक कासव असतं, पण त्याला घाई नसते.) चौकट झोकात झाली, तुटक रेघांची, मधे पंजाचं चित्र. मग न राहवून भर गर्दीच्या वेळीच मी एका खरूज झालेल्या कुत्र्याचा फोटो ऐटीत ओढत आणला, सोडला, आणि आमची साइट गायब! पडदाभर नुसती खरूज! मी किंचाळले, बोका उडाला, शिकारी कुत्र्याने साखळीसकट बाक ओढला.

झालं होतं असं, की ब्राउझर नावाचा जो प्राणी आहे (ज्याच्यातून आपण साइट बघतो तो), त्याला कुठलीही फाइल दिसली की ती आपणच उघडायची खोड असते. त्याला बजावावं लागतं की बाबा रे, तू तोंड घालू नकोस, हे माझं आहे. मी ते बजावलं होतं, पण फाइल सोडतानाच फक्त. ती नुसती चौकटीवर तरंगत असतानाही बजावत राहावं लागतं, नाहीतर तो ऐकतच नाही! हे कळलं तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. मग लक्षात आलं की लोक चौकटीत सोडतात कुठे, शेजारीच सोडतात. म्हणून अख्ख्या पानालाच तंबी दिली. आणि मोबाइलवाल्यांना ओढायला काही नसतंच, म्हणून जुनं बटणही खाली गरिबासारखं राहू दिलं.

आणि काय सांगू, फोटोंची रांग लागली! फोन थंडावला. डॉक्टर शीळ घालायला लागले. असं सगळं छान चाललेलं असताना एक माणूस आला. बरोबर जनावर नाही, हातात आमच्या दवाखान्याचा कागद. रांगेत कासवामागे उभा राहिला, आत गेला आणि डॉक्टरांसमोर कागद ठेवून म्हणाला, 'हे तुम्ही लिहिलंय?' दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. त्याच्या बायकोने त्यांचा कुत्रा घोरतो म्हणून व्हिडिओ पाठवला होता. पण तिच्या कॉम्प्युटरवर दोन व्हिडिओ शेजारी शेजारी होते, एक कुत्र्याचा आणि एक नवऱ्याचा. (नवरा कबूल करत नसे, म्हणून पुराव्यासाठी काढलेला.) तिने ओढला तो नवरा! अंधारी खोली, पांघरुणाचा वर-खाली होणारा ढीग आणि तो आवाज. डॉक्टरांनी नेहमीच्या इमानदारीने उत्तर दिलं होतं: वजन फार आहे, जंतांची एक गोळी द्या, रात्रीचं खाणं बंद, सोफ्यावर झोपू देऊ नका, सकाळ-संध्याकाळ फिरवून आणा, शहाण्यासारखा वागला तर पाठीवरून हात फिरवा पण खाऊ देऊ नका. बाईंना घोटाळा लगेच कळला होता. पण सल्ला वाचला आणि त्यांना वाटलं, यात चुकीचं काय आहे? 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढंच म्हणून त्यांनी अक्षरशः सगळं पाळलं. पाठीवरून हातसुद्धा फिरवला. आणि त्या दिवशी त्या भल्या माणसाच्या हाती कागद लागला, वरच्या पंजाच्या शिक्क्यासकट.

डॉक्टर आधी पांढरे, मग लाल. मला हाक मारून म्हणाले, 'ती चौकट आत्ताच्या आत्ता काढून टाकायला सांग.' पण तो माणूसच मधे पडला. 'काढू नका हो! माझी पँट सैल झालीय, बायको पुन्हा त्याच खोलीत झोपते. मी भांडायला आलोच नाही. एवढंच विचारायचं होतं, की ती जंतांची गोळी मी घ्यायची होती की कुत्र्याने? कारण ती कुत्र्याने घेतली.'

डॉक्टर इतके हसले की त्यांना आधार द्यायला मला टेबलाला वळसा घालून जावं लागलं. चौकट राहिली! त्याच दिवशी मी तिच्यात भर घातली: फाइल सोडली की आधी तिचं लहान चित्र दिसतं, व्हिडिओ असेल तर थोडा वाजतो, आणि 'हाच का तुमचा रुग्ण?' असं विचारून 'हो' म्हटल्यावरच फाइल पुढे जाते. कालच शेजारच्या आजीबाई 'नाही' दाबून चित्र बदलताना मी स्वतः पाहिलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणते, मी वेडी आहे.

मामींना नमस्कार. गुडघा शेकायला सांगा.

तुमची भाची

ता. क. रविवारी सकाळी आमचे डॉक्टर तुमच्याकडे येताहेत. दचकू नका. सुरुवातीला ते मला साइटला हात लावू देईनात ('तू फोन घे, तेवढं पुष्कळ आहे'), तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की काम माझे मामा करणार आहेत, ते यातले फार मोठे जाणकार आहेत. आता त्यांना त्यांच्या मित्राची साइट तुमच्याकडून करून हवी आहे. तुम्ही फक्त शांत बसा, चष्मा कपाळावर ठेवा आणि काहीही विचारलं की 'ते ब्राउझरवर अवलंबून आहे' एवढंच म्हणा. कॉम्प्युटर कुठे आहे म्हणाले तर दुरुस्तीला दिलाय.

आणखी एक ता. क. मामी रागावतील की मास्तर माणसाला खोटं बोलायला लावते. तर राहू द्या. चहा झाला की सरळ सांगून टाका की हे सगळं माझ्या भाचीने एकटीने केलंय. मी सांगितलं तर ते हसण्यावारी नेतील, तुमचं ऐकून घेतील. मी तेव्हा आत मामींजवळ असेन. फक्त जरा मोठ्याने सांगा, मला आतपर्यंत ऐकू येईल असं.