मांडीवरची मुलं

५ जानेवारी, सोमवार

पोचलो. माडीवरची खोली झकास आहे, खिडकीतून वाचनालयाचं छप्पर दिसतं. घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. सगळं गाव त्यांना आत्या म्हणतं, म्हणून मीही आत्याच म्हणतो. चहा देताना म्हणाल्या, फोटो मढवतोस ना तू, मग माझ्या सुरकुत्या तेवढ्या आत दाबून घे. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला अरेतुरे करणारं आता कोणी राहिलेलं नाही. बरं वाटलं.

काम मनासारखं आहे. गावातल्या घराघरांतले जुने फोटो मढवून वाचनालयाच्या वरच्या दालनात लावायचे. वाचनालयाचे अध्यक्ष आत्यांचे धाकटे भाऊ. म्हणाले, राजांचा इतिहास सगळेच लिहितात, आमचा आम्ही भिंतीवर टांगू. पुढच्या शनिवारी उद्घाटन.

७ जानेवारी, बुधवार

लोक पिशव्या भरभरून फोटो आणून देतात. लग्नांचे, दुकानांपुढचे, शाळेच्या पायऱ्यांवरचे. एका आजोबांनी नवऱ्या मुलावर बोट ठेवून सांगितलं, हा मी. त्यांच्या बायकोने ते बोट उचललं आणि मागच्या रांगेतल्या एका काटकुळ्यावर ठेवलं. हसून हसून पुरेवाट झाली.

बाळांचे फोटो मात्र निराळे. बाळ खुर्चीत बसल्यासारखं दिसतं, पण ती खुर्ची नाही. फुलाफुलांच्या चादरीखाली कोणी माणूस बसलेलं आहे. डोक्याचा गोल दिसतो, खांदे दिसतात, गुडघे दिसतात. चादरीबाहेर आलेला एक हात बाळाच्या पोटावर. कोणत्याही घरातला फोटो घ्या, हात तोच. अंगठ्याचं नख दुभंगलेलं.

आत्यांना विचारलं. म्हणाल्या, स्टुडिओत झाडलोट करणारी एक बाई होती. तेव्हाचा कॅमेरा सावकाश चालायचा, मूल हललं की फोटो पुसट. आईच्या मांडीवर मुलं भोकाड पसरायची आणि हिच्या मांडीवर चिडीचूप. पण आपल्या घरच्या फोटोत तिचं तोंड कशाला, म्हणून वरून चादर. नाव विचारलं तर त्यांनी रिकामा कप विसळून पालथा घातला. मग म्हणाल्या, बाईच म्हणायचे सगळे.

९ जानेवारी, शुक्रवार

अध्यक्षांनी फोटो पाहिले. प्रदर्शन घराण्यांचं आहे की गाठोड्यांचं, असं विचारून स्वतःच हसले. बाळ तेवढं ठेवा, बाकीचं कापा म्हणाले. फ्रेमा लहान मापाच्या, आधीच आणून ठेवलेल्या. त्यांच्या स्वतःच्या जन्मापर्यंत स्टुडिओत नवा कॅमेरा आला होता, त्यामुळे त्यांचा असा फोटो नाही.

मूळ फोटोला पातं लावायचं नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. पुठ्ठ्याची खिडकी करून नको ते झाकावं, त्यासाठी फ्रेम मोठी घ्यावी. एवढंच मला सांगायचं होतं. तोंडाशी आलेलं गिळलं. त्यांनी पाठीवर थाप मारली, कामाचा माणूस आहे, उगाच फाटे फोडत नाही म्हणाले. आणि लिहायला लाज वाटते, पण मी सुखावलो.

पोलादी पट्टी लावून दिवसभर कापत होतो. हात बाळाच्या पोटावरच असल्यामुळे तो उरायचा, मनगटापाशी तुटलेला. तो राखी रंगाने बुजवला. आत्यांचा फोटो शेवटी घेतला. बाळाच्या चेहऱ्यावर आत्यांचंच खट्याळ हसू. बाई कापली, पण तिचा हात बुजवायला कुंचला उचलवेना. कात्रणं कचऱ्याच्या गाडीत टाकली. प्रार्थनेला बसलो, तर काय मागावं तेच सुचेना.

१२ जानेवारी, सोमवार

भिंतीवरची बाळं तिरकी दिसत होती. डिंक सुटला असेल म्हणून एक फ्रेम उघडली. कागद पक्का चिकटलेला आहे, सरळ आहे. आतलं बाळ कललं आहे.

दुपारी कळलं, ते काटकुळे आजोबा खुर्चीतून पडले. चक्कर नाही, ठेच नाही. बायको सांगत होती, बसल्या बसल्या कलंडले, पाठीमागचा आधार कोणी काढून घ्यावा तसे. त्यांचा बाळपणीचा फोटो मीच कापला होता. त्यांच्या बायकोला धीर दिला आणि हे सांगितलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

आणखी काही म्हातारी माणसं पडली. सगळी माझ्या भिंतीवरची. डॉक्टरांना काही सापडत नाही. फ्रेमांमधली बाळं खालच्या कडेपर्यंत घसरली आहेत, काहींची नुसती टाळू दिसते. अध्यक्ष म्हणाले, थंडी आहे, पिकली पानं गळायचीच.

कात्रणं शोधायला कचऱ्याच्या मैदानावर गेलो. तिथल्या माणसाने जळत्या ढिगाकडे हनुवटीने दाखवलं.

आत्या ठीक आहेत. त्यांच्या फोटोत हात आहे. पण करंगळी दिसत नाही. काल होती.

१५ जानेवारी, गुरुवार

अंगठा आणि एक बोट. एवढंच उरलंय.

आत्या जिन्यापाशी कलल्या. मी धरलं. मेल्या, गुदगुल्या होतात, म्हणाल्या. मग मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, घराबाहेर काढतील. त्या एवढंच म्हणाल्या, आम्ही तिला झाकली, तू कापलीस, कोणी कोणाला बोलावं?

 त्यांना सोडून जायचं नाही, एवढं ठरवलं.

१७ जानेवारी, शनिवार

फक्त अंगठा — तोही फिका.

आज उद्घाटन, मला इथं थांबणं भाग, म्हणून आत्यांना दालनातच आणलं आहे. एका बाकावर त्यांच्या मागे बसलोय, डावा हात त्यांच्या पोटावरून घातलाय. सैल केला की घसरतात. उजव्या हाताने लिहितो. लिहिलं नाही तर ओरडेन.

अध्यक्ष फोटोग्राफर घेऊन आले. ताईचा फोटो हवा म्हणाले. पण मागे मी दिसतो. उठा म्हणाले. उठलो तर त्या पडतील, असं विनवलं; हात जोडायला मोकळे नव्हते. त्यांनी टेबलावरचं पांढरं कापड ओढलं. बसा तसेच म्हणाले, फक्त तोंड दिसता कामा नये —

कापड पातळ आहे. उजेड येतो. आत्या पुटपुटतात, हलू नकोस रे.

हात भरून आला. मीही कलतोय. आम्ही दोघंही —

थांबलो. माझ्या पोटावर एक हात आहे. मागून आलेला, अंगठ्याचं नख दुभंगलेलं. गार. वळून पाहिलं — कोणी नाही. हात मनगटापाशी संपतो. सरळ रेषेत. पट्टी लावून कापल्यासारखा.

मीच कापला — आणि तो मला धरून —