ताटासमोर पाऊण तास

३ जून, सकाळी ६.१०
आजपासून लेकीचं जेवण माझ्या ताब्यात. काल डॉक्टरीणबाईंनी बायकोला आणि मला समोर बसवून सांगितलं की, पंधरा वर्षांच्या पोरीला हा न खाण्याचा आजार एकटीने झेपत नाही. काही महिने काय आणि किती खायचं ते आईवडिलांनी ठरवायचं, आणि ताट संपेपर्यंत सोबत बसायचं. घासाघीस नाही, भाषण नाही. दोष कुणाचाच नाही. (हे त्या हिच्याकडे बघून म्हणाल्या.) एकवीस वर्षं लिफ्ट तपासतोय. बंद पडलेलं चालू करणं मला नवीन नाही. महिनाभरात विषय संपवतो.

३ जून, दुपारी
नाश्त्याला पाऊण तास. दूध अर्धंच. मी भाषण केलं नाही, फक्त प्रथिनांविषयी थोडी माहिती दिली. ही म्हणाली, त्यालाच भाषण म्हणतात. मतभेद आहेत.

५ जून
तपासणीचा तक्ता केला. सोळा रकाने. फ्रिजवर लावला. लेकीने उभ्या उभ्या अख्खा वाचला आणि जेवायलाच आली नाही. तक्ता उतरवून ऑफिसच्या बॅगेत ठेवलाय. गरज पडेल.

८ जून
एका जागी बसवत नाही. आमचं कामच उभ्याचं, त्याला मी काय करणार? जेवताना तीनदा उठलो. गॅस, नळ, दाराची कडी. ही म्हणाली, कडी कुठे पळून जात नाही. मी उठलो की लेक चमचा खाली ठेवते. योगायोग असावा.

११ जून
लेक रडली. म्हणाली, अर्धंच खाते. मी म्हटलं, बरं, आज अर्धं, उद्या पूर्ण. दोन मिनिटांत तोडगा! ही आत जाऊन भांडी आपटत होती. नंतर म्हणाली, आठ दिवस मी धरून ठेवलेलं तू एका वाक्यात सोडून दिलंस. मी मोठ्या मनाने ऐकून घेतलं.

१२ जून
लेक म्हणाली, काल अर्धं चाललं होतं की. आज पाव.

१४ जून
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वजन आणखी घटलंय. मी तक्ता काढला. तो न बघताच त्यांनी विचारलं, तिच्यासोबत बसून तुम्ही काय काय खाल्लंत? मी म्हटलं, माझं जेवण ऑफिसात होतं. लेक म्हणाली, बाबा जेवत नाही, नुसता बघतो. मुद्दा किरकोळ. तरी उद्या सुट्टी टाकली आहे.

१५ जून, दुपारी १२.५०
तिघांची ताटं सारखी. उठायचं नाही, बोलायचं नाही, जेवायचं. यात अवघड ते काय!

१५ जून, दुपारी १.४०
लेकीने घास घेतला. मी घेतला, आणि तो खाली उतरेना. समोर तिचा हात होता, घड्याळ मनगटावरून पार कोपराकडे सरकलेलं. मला भीती वाटली. खरं सांगायचं तर गेले सहा महिने वाटतेय. घास तोंडात नुसता फिरवत राहिलो. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मग लेक अगदी आईच्या सुरात म्हणाली, बाबा, घाई नाही, आम्ही बसलोय.

तिचे दोन घास उरलेत. माझं ताट तसंच आहे. दोघी मला उठू देत नाहीत.