माझा श्वास आणि चुगलखोर मशीन

३ जून, सोमवार
सगळ्यांत आधी जाऊबाई टपकल्या. लेक-जावई येणार हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. नाक लांब, दुसरं काय! मागून लेक, जावईबापू आणि माझा नातू सोन्या. काय गोड झालाय! मला बघून हसला, जाऊबाईंना बघून रडला. पोरांना कळतं बाई.
लेकीची रजा संपत आली. ती कामावर गेली की सोन्या दिवसभर माझ्याकडे, हे ठरलेलंच. पण मागच्या खेपेला त्याला बाटली पाजताना दूध सगळं माझ्या मांडीवर. तेव्हापासून लेक म्हणते, तू डुलक्या काढतेस. मी डोळे मिटून ऐकत होते, एवढंच. झोपेची टेस्ट केली तर डॉक्टर म्हणे झोपेत श्वास थांबतो, रात्री नाकातोंडात हवा सोडणारं मशीन लावून झोपा. थांबला असता तर हे लिहिलं कुणी असतं?
लेकीने तोंडावर सांगितलं, आई, रोज रात्री मशीन लावलंस तर सोन्या तुझ्याकडे, नाहीतर पाळणाघर. जाऊबाई म्हणाल्या, लावा हो, शेजारीपाजारीही झोपतील जरा. खोचक मेली. मी घोरत नाही. हे पुढच्या खोलीत झोपतात ते मोकळ्या हवेसाठी. दारं-खिडक्या लावून घेतात, ती गोष्ट वेगळी.

७ जून
मशीन आलं. हत्तीची सोंड नुसती. तोंडाला लावून बघितलं तर हे म्हणाले, चंद्रावर निघालीस का? कपाटाच्या किल्ल्या ठेवून जा.
शांतपणे विचार केला. तोटे: नाकावर वळ, घशाला कोरड, आणि तोंड बांधल्यावर माणसाने बोलायचं कसं? फायदा: सोन्या. एकच, पण सगळ्यांना भारी. तेव्हा लावायचं. ठरलं म्हणजे ठरलं. उद्यापासून.

८ जून
डोकं चालवलं. मास्क लोडाला बांधला आणि मशीन रात्रभर चालू ठेवलं. फिट बसला. लोडाची काही तक्रार नाही.

१२ जून
फार गुण आहे हो मशीनला! लेकीला फोनवर सांगितलं, विशीतल्यासारखं वाटतंय. हरखली. सोमवारपासून सोन्याला आणते म्हणाली! त्याच्या कपड्यांसाठी कपाटाचा खालचा खण रिकामा केला. तेवढ्यात दूध करपलं. पातेलंच पातळ आहे.

१४ जून
मशीन चुगलखोर निघालं. आतल्या आत डॉक्टरांना सगळं कळवत होतं. मशीन रात्रभर चालू, श्वास एकही नाही. डॉक्टरांनी घाबरून लेकीला फोन केला, लेकीने मला. मी दुपारची खुर्चीत रेडिओ ऐकत बसले होते, डोळे मिटून. फोन ऐकू आला नाही. बेलही नाही. हे बाहेर गेलेले. शेवटी लेकीने कुलूपवाल्याकडून दार उघडून घेतलं. मी डोळे उघडले तर लेक मला गदागदा हलवतेय आणि रडतेय. रेडिओ बंदच होता म्हणे.
जावईबापूंना आत लोड सापडला, मास्कसकट. म्हणाले, लोड मात्र टवटवीत दिसतोय. मी हसले. एकटीच. लेक डोळे पुसत म्हणाली, सोन्या मांडीवर असता तर?
मी उठून लोडाचा मास्क सोडला.
सोन्या सोमवारपासून पाळणाघरात. मशीन काय सांगतंय ते महिनाभर बघू, मग ठरवू, म्हणाली लेक. लोड जाऊबाईंना देऊन टाकला. मास्क आज माझ्यासाठी उशाशी काढून ठेवलाय. खालच्या खणात काही भरलेलं नाही.
रविवारी सोन्याला घेऊन येतो म्हणालेत लेक-जावई.