आप्पांनी पुजलेला चष्मा

बोरगाव,
१६ सप्टेंबर २०२४

चि. परसूस आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसतं बरं बरं म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून लिहिते. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा उडून तुझ्या भुवईला लागला म्हणे. भाग्यलक्ष्मीनं सांगितलं नसतं तर बायकोला गप्प बसवून तू मला कळूही दिलं नसतंस! चालू मागावर तुटलेला धागा जोडायला वाकला होतास ना? आपल्या आप्पांचा डावा डोळा असाच गेला. तू पाळण्यात होतास, मला सगळं आठवतं. फार भीती वाटते रे.

सोबत बाजूनंही झाकणारा, जाड प्लास्टिकचा चष्मा पाठवते. आणि डोळ्यात सुताचा कचरा गेला तर चोळू नको, एरंडेल घालू नको. स्वच्छ पाण्यानं धू, तरी खुपलं तर डॉक्टरकडे जा.

लोभ आहेच, त्यातला थोडा स्वतःच्या डोळ्यांवरही असू दे.

तुझी,
निवेदिता


वडगाव,
२४ सप्टेंबर

ती. सौ. आक्कास परसूचा सा. न. वि. वि.

चष्मा मिळाला, एक दिवस घातलाही. शेजारच्या मागावरच्या नागोजीनं विचारलं, सांबऱ्याच्या तळावर इमान चालवायला निघालास काय रं? तेव्हापासून सगळी गल्ली मला पायलट म्हणते. शिवाय घामानं धूसर होतो, काठाचा धागा दिसत नाही. म्हणून खुंटीला लावलाय. रागावू नको. दसऱ्याच्या साड्या आहेत, दर धाग्याला माग थांबवून कसं भागेल?

आप्पा मजेत. दिवसभर माझ्या शेजारी धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरतात.

माया अशीच ठेव, कान मात्र धरू नको.

तुझा,
परसू


बोरगाव,
१ ऑक्टोबर

चि. पायलटसाहेबांस आशीर्वाद.

धूसर झाला तर माग थांबव आणि पूस. साडी दोन दिवस उशिरा गेली तरी नेसणारी नेसेल. तुझ्याशी भांडून मी दमले. हे पत्र आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव, एवढंच कर.

आक्का


वडगाव,
२१ ऑक्टोबर

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. खंडेनवमीला माग पुसून धोटे, कात्री, हातोडी पूजेला मांडली, तेव्हा आप्पा उठले, खुंटीवरचा चष्मा काढून त्यांच्यात ठेवला आणि हळदकुंकू लावून झेंडू वाहिला. म्हणाले, पुजलेलं हत्यार हातात घ्यायचं असतंय, खुंटीला न्हाय टांगायचं. मग काय करतो? दुसऱ्या दिवशी कुंकवासकट घातला. नागोजी हसला, पण आधी चष्म्याला नमस्कार करून हसला.

परवा पुन्हा धोटा उडाला, आक्का. सरळ डोळ्यावर. चष्म्याला तडा गेला, डोळा शाबूत आहे. डॉक्टरांनीही तपासून काही नाही म्हटलं. भाग्यलक्ष्मी रडली, मग मीही रडलो. आता धागा तुटला की आधी माग थांबवतो.

तडा गेलेला चष्मा देव्हाऱ्यात आहे. तसलेच तीन पाठव. एक मला, एक नागोजीला; तो गुपचूप मागून गेलाय.

तुझा राग असाच राहो, त्यानंच डोळा वाचला.

तुझा,
परसू

ता. क. तिसरा आप्पांना हवाय. म्हणाले, पोरीला लिही, मलाबी एक धाड. तुझं डोळं दोन हाईत, माझा एकच राहिलाय.