शिवेच्या आतली उशी

२८ एप्रिल, सोमवार
म्हातारा बार्नबी अखेर बाजारकारभारीपद सोडतोय. गुडघे गेले. तेवीस वर्षं दर गुरुवारी घंटा वाजवून बाजार उघडला, पहिली पोर्क-पाय, म्हणजे डुकराच्या मांसाची खारी पेस्ट्री, फुकट खाल्ली. आता माझी पाळी. अख्ख्या ऑटर्सब्रिजमध्ये दुसरा लायक माणूस नाही. मी प्रामाणिकपणे शोधला.
संकल्प: निवडून आल्यावरही नम्र राहणे. कारभाऱ्याच्या पिसाच्या टोपीसाठी डोक्याचं माप आजच देऊन ठेवणे.

२९ एप्रिल
मॉरीन लडकिन उभी राहतेय! पुलाशेजारी चीज विकते. बाई चांगली, पण उपरी. गावात येऊन जेमतेम एकतीस वर्षं झाली. हिलरी म्हणाली, "अरे, पुराच्या वर्षी तिने अख्ख्या गावाला सूप पाजलं." हिलरी माझी बायको. सूप आणि रक्त यांतला फरक तिला कळत नाही.

६ मे, मंगळवार
जुनी नियमावली वाचली. 'ज्याची उशी शिवेच्या आत, तोच कारभारी.' मॉरीनचा बंगला पार शेताच्या टोकाला. मला दाट संशय आहे.
सभेत मागणी केली: यंदा शीवफेरी झालीच पाहिजे. चौतीस वर्षांत झालेली नाही. ईस्टरनंतर येणाऱ्या असेन्शन सणाच्या गुरुवारी सगळ्यांनी विलो झाडाच्या काठ्यांनी शिवेवरचा दगडन् दगड झोडत जायचं. वाटेत नदी येवो, भिंत येवो, कुणाचं घर येवो, सरळ आरपार. पाद्रीबाई म्हणाल्या, "लायोनेल, नक्की ना? जुनं उकरलं की काय निघेल सांगता येत नाही." मी म्हणालो, सत्याला भ्यायचं कशाला? टाळ्या पडल्या. मॉरीननेही वाजवल्या. भोळी आहे बिचारी.

१५ मे
घंटेचा सराव. घंटा नसल्याने पातेलं. शेजाऱ्यांची चिठ्ठी आली, भाषा हलकी.
'बुडालेला बैल' पबमध्ये अकरा जणांनी मताचा शब्द दिला. प्रत्येकाला एकेक बिअर पाजली. लाच नव्हे, स्नेह. ओढ्यापलीकडच्या नेदर मडफर्ड गावाबद्दल दोन विनोद केले. मडफर्डला बाजार नाही, घंटा नाही, बस थांबते तीही चुकून. खूप हसले सगळे.

२९ मे, गुरुवार. दुपारी ४
शीवफेरी झाली.
त्रेपन्न माणसं, दोन कुत्री. नकाशा चर्चच्या पेटीतला, पाद्रीबाईंच्या हातात. नदीत कमरेपर्यंत उतरलो, सगळ्यात पुढे मीच. मॉरीनच्या बंगल्याशी मी सगळ्यांना थांबवलं. शीव तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागून गेली. मॉरीन चार हात आत. ठीक आहे. उदार मनाने अभिनंदन केलं.
मग शीव जुन्या ओढ्याच्या कडेने निघाली. ओढा आता जमिनीखालून वाहतो. कुणाच्या जमिनीखालून, याचा विचार मी कधी केला नव्हता.
त्रेपन्न माणसं चिखलाच्या बुटांनी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आली. शीव ओव्हन आणि जिना यांच्यामधून जाते. स्वयंपाकघर ऑटर्सब्रिज. जिना, वरचा मजला, आमचा पलंग: नेदर मडफर्ड. पाद्रीबाईंनी खालच्या पायरीवर तीनदा काठी मारली. मॉरीन म्हणाली, "जाऊ दे रे लायोनेल, जुना कागद, शाई फुटली असेल."
मी जन्मलो ती खोलीही वरचीच. हिलरी चहा ओतत म्हणाली, "म्हणजे परगावच्याशी लग्न केलं की मी. आई म्हणायचीच."

३० मे
घाबरायचं कारण नाही. नियम उशीबद्दल आहे, आणि उशी हलवता येते. घडीचा पलंग फ्रिज आणि ओव्हनच्या मध्ये लावला. हिलरी वरच झोपणार. म्हणते, मला मडफर्डची हवा मानवते.

२ जून
फ्रिज थोड्या थोड्या वेळाने कण्हतो. मीही. पबमध्ये गेलो तर आमचे अकरा जण ओरडले, "या पाव्हणं! पासपोर्ट आणलाय का?" मीही हसलो. निवडणुकीत खेळीमेळी हवीच.

५ जून, गुरुवार
उजवा खांदा धरलाय. हात कमरेच्या वर जात नाही. पाठही गेली, काठी लागते. पण लोकांना सोसणारा नेता आवडतो.
समिती उशी तपासायला आली. दोघांनी नाकं मुरडली. सोबत आलेल्या मॉरीननेच उशी दाबून पाहिली आणि म्हणाली, "आत आहे की. उभं राहू द्या त्याला." राजकारण तिला मुळीच कळत नाही. वाईट वाटलं तिच्यासाठी.

७ जून, शनिवार. संध्याकाळी ६
बाजाराच्या सभागृहात हात वर करून मतदान.
मॉरीन: चौसष्ट. मी: एक.
माझं स्वतःचं मत मोजलं गेलं नाही. उजवा हात वर जाईना, डाव्यात काठी, सोडली असती तर आडवा झालो असतो. हिलरी वर झोपते म्हणजे परगावची, तिला मत नाही. वाटलं ते अकराही जण मॉरीनकडे गेले, पण एक उरला! मी पहिल्या रांगेत, मान वळत नव्हती, कोण ते दिसलं नाही. खरं सांगतो, घरी येताना डोळे भरून आले. चौसष्ट भित्र्यांपेक्षा असा एक बाणेदार माणूस पुरे. त्याला गाठून हात मिळवणार, डावा का होईना.

८ जून, रविवार
प्रार्थनेनंतर पाद्रीबाईंना विचारलं, तो एक कोण? त्यांनी आधी प्रार्थनेची पुस्तकं गोळा केली. मग म्हणाल्या, "अरे, ते मॉरीनचं. स्वतःलाच मत देणं तिला बरं दिसेना."