उकिरड्यावरचं नाव

रांचीजवळून, १९३४

माझ्या मायले उकंड्याचा पायावर डोकं ठेवून दंडवत.

शेषरावदादा हे वाचीन, तवा चूल सोडून त्याच्यापाशी बस. माहा ताप उतरला. भात पोटभर भेटते, भाकरीची तेवढी याद येते.

तुले वाटते, मी कलकत्त्याले डोकशी मोजाले शिकून राह्यलो. मोजमाप हायेच, पण मानववंशशास्त्र म्हंजे लोकायच्यात राहून, त्यायची बोली शिकून, ते असं काऊन करतात हे समजून घेणं. म्हणून मास्तरानं मले या मुंडा लोकायच्या गावात धाडलं.

पण सरकारी माणूस समजून कोनी बोलेच ना! हात हालवत परत जा लागते, असं वाटलं.

मागल्या आठवड्यात सोमारी नावाच्या बाईनं हिंदीत नाव विचारलं. म्हन्लं, "उकंडा. आधीची लेकरं गेली, म्हणून मायनं मले उकिरड्यावर लोळवलं. मरणानं कचरा समजून सोडावं म्हणून."

 मंग ती कडेवरचं पोरगं पुढं करून म्हणे, "हा घुरा." घुरा म्हंजेही उकिरडाच! तिचीही आधीची गेली होती.

माय, तू कुठची, ती कुठची! पण दोघींनं एकाच भेवापायी एकच तोड काढली. मले तर नाचावं वाटलं! आता सगळ्या बाया हाका मारून बोलतात.

तुझे गुडघे कसे हायेत? धाकटी कोकिळा माहेरी आली काय?

सोमारी विचारते, पोर केवढं झाल्यावर मायचं भेव जाते? म्हन्लं, मायले विचारून सांगतो. तुझं गेलं काय?

तुझाच,
उकंडा